कुठलं लाकूड, कुठला धूर

टेक्सासमधल्या ऑस्टिनला राहायला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मी हौसेने स्मोकर, म्हणजे लाकडाच्या धुरावर मांस शिजवायची भट्टी, घेतला आणि पहिलीच कोंबडी वाया घालवली. रंग झकास आला होता, तांबूस-तपकिरी. पण घास तोंडात टाकला तर जीभ बधिर झाली आणि विझलेल्या चुलीची चव घशात बसून राहिली. बायको म्हणाली, "राखुंडीने दात घासल्यासारखं वाटतंय."

लाकूड मी हलकंसलकं आणलं नव्हतं. रस्त्याकडेला पाटी लावून विकणाऱ्याकडून अस्सल पोस्ट ओक घेतला होता, टेक्सासचे लोक ज्याची शपथ घेतात तो. शेजारचे आजोबा कुंपणावरून हे सगळं बघत होते. ते आले, ढिगातली दोन लाकडं उचलली आणि एकमेकांवर आपटली. 'थप्' असा आवाज आला. मग स्वतःच्या परसातली दोन आणून आपटली. ती 'टण्ण' वाजली. "तुझा ओक खराच आहे," ते म्हणाले, "पण अजून झाडच आहे. त्याचं सरपण व्हायला वर्ष लागेल."

आमच्या आजीला हे कुणी सांगावं लागलं नसतं. ओलं सरपण धुमसतं, डोळ्यांतून पाणी काढतं, भांडी काळी करतं. पण स्मोकर म्हटला की आपण लाकडाच्या जातीची चर्चा करत बसतो: हिकरी की मेस्कीट, सफरचंद की चेरी. जात महत्त्वाची आहेच, पण ती दुसऱ्या नंबरावर. पहिला नंबर लाकूड किती वाळलंय आणि कसं जळतंय याचा. हे असं का, ते कळायला आधी लाकडाच्या पोटात काय असतं ते बघू.

लाकूड मुख्यतः तीन गोष्टींचं बनलेलं असतं. सेल्युलोज म्हणजे लांब धागे, साधारण चाळीस-पंचेचाळीस टक्के. हेमिसेल्युलोज म्हणजे त्या धाग्यांना एकत्र बांधणारं जाळं. आणि लिग्निन म्हणजे सगळ्याला ताठपणा देणारी खळ, पानगळीच्या कठीण झाडांत अंदाजे वीस-पंचवीस टक्के. पहिल्या दोन्ही गोष्टी एका अर्थाने साखरेच्याच साखळ्या आहेत. तापल्यावर हेमिसेल्युलोज सगळ्यात आधी मोडतं, साधारण २०० ते ३०० अंश सेल्सिअसला, आणि सेल्युलोज त्यानंतर. त्यांच्यातून गोडसर, करपलेल्या साखरेसारखे वास येतात, थोडं व्हिनेगरचं आम्लही सुटतं. मांसावर जो सोनेरी-तपकिरी रंग चढतो, त्यात यांचा मोठा हात असतो.

खरा 'धुराचा' वास मात्र लिग्निनचा. ते सावकाश मोडतं आणि त्यातून फिनॉल गटातली संयुगं निघतात. त्यांतलं ग्वायाकॉल धुराची चव देतं, सिरिंगॉल धुराचा सुगंध. व्हॅनिलाच्या वासाचं व्हॅनिलिनही त्यातच असतं. लवंगेला जो वास असतो तो युजेनॉलचा. तेही थोडंसं लाकडाच्या धुरात सापडतं. धुरावरच्या मांसाला कधीकधी मसाला न घालताच मसाल्याचा वास का येतो, याचं हे एक कारण.

पाइन, स्प्रूस, जुनिपर अशी सूचिपर्णी झाडं यासाठी का नकोत, तेही इथेच कळतं. त्यांच्या लिग्निनची घडण वेगळी असते. त्यातून सिरिंगॉल जवळजवळ मिळत नाही. शिवाय त्यांच्यात राळ भरलेली. राळ जळताना काळी काजळी उठते आणि मांसाला टर्पेंटाइनसारखा कडवटपणा येतो. ऑस्टिनच्या पश्चिमेच्या टेकड्या ज्या झाडाने भरल्यात, ज्याला इथे सगळे 'सीडर' म्हणतात पण जो खरं तर जुनिपर आहे, तो फुकट मिळाला तरी मांसाखाली लावू नये. अपवाद आहेत. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टचं प्रसिद्ध हॅम फर-स्प्रूसच्याच धुरावर तयार होतं. पण तो थंड धूर असतो, आठवडेच्या आठवडे दिलेला, आणि ते करणाऱ्यांचे हात पिढ्यान्‌पिढ्या बसलेले. आपण परसदारी त्या वाटेला जाऊ नये.

आता ओलं लाकूड. नुकत्या तोडलेल्या ओंडक्यात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचं असू शकतं. पाणी उडून जाईपर्यंत लाकडाचा तो भाग शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही. म्हणजे ढीगभर उष्णता नुसती वाफ करण्यात जाते, आग मंदावते, आणि बाहेरच्या कडेवरून अर्धवट मोडलेले वायू पेट न घेताच वर निघतात. तो दाट पांढरा धूर. तो मांसावर चिकट, कडू थरासारखा बसतो. वाळलेल्या लाकडाला मोकळी हवा मिळाली की हेच वायू ज्वाळेत बऱ्यापैकी जळून जातात आणि मागे उरतो तो विरळ, निळसर धूर. त्यातले कण इतके बारीक असतात की ते निळा प्रकाश जास्त विखुरतात, साधारण आकाशासारखंच. धुराड्यातून काहीच निघत नाही असं वाटावं आणि मागे झाड असेल तर निळसर झाक दिसावी, हा उत्तम धूर. नवशिक्याला वाटतं, जितका धूर जास्त तितकी चव जास्त. माझी कोंबडी याच समजुतीची बळी.

लाकडाच्या चिपा भिजवून घालायच्या, ही पाकिटांवर छापलेली सूचनाही मी आता मानत नाही. अर्ध्या तासात पाणी लाकडात फार आत शिरतच नाही. जे शिरतं त्याची आधी वाफ होते आणि मग लाकूड जळायचं ते जळतंच.

उलट टोकाला भट्टीत वाळवलेलं कडकडीत लाकूड. दहा टक्क्यांच्या खाली ओल गेली की ते भसाभस पेटतं, धूर कमी देतं आणि तापमान हातात राहत नाही. पंधरा ते वीस टक्के ओल असलेलं लाकूड या कामाला सगळ्यात समजूतदार.

जातींबद्दल बोलायचं तर एक गंमत लक्षात ठेवावी. पूर्ण वाळलेलं एक किलो लाकूड, मग ते कुठल्याही पानगळी झाडाचं असो, साधारण सारखीच उष्णता देतं. फरक आहे तो घनतेचा. हिकरी किंवा ओकचा तुकडा जड, म्हणून तेवढ्याच जागेत जास्त जळण आणि मागे टिकाऊ निखारे. अल्डर ओकच्या जेमतेम साठ टक्के वजनाचं. झटकन जळतं, निखारा लवकर मोडतो. मोठं मांस दहा-बारा तास ठेवायचं तर घट्ट लाकूड हवं. मासा तासा-दोन तासांत काढायचा तर हलकं चालतं, उलट तेच बरं.

आणि अमेरिकेत कुठे कुठलं लाकूड वापरतात, हे बघितलं तर पहिली निवड जिभेची नव्हतीच, भूगोलाची होती. मध्य टेक्सासमध्ये पोस्ट ओक, कारण ऑस्टिनच्या पूर्वेला त्याचा पट्टाच आहे. एकोणिसाव्या शतकात इथे आलेल्या जर्मन आणि चेक खाटकांनी न खपलेलं मांस टिकवायला धुराची आपली पद्धत आणली आणि हाताशी असलेलं लाकूड लावलं. लॉकहार्टसारख्या गावांत आजही दुकानामागे ओकच्या राशी दिसतात. पश्चिम आणि दक्षिण टेक्सासच्या कोरड्या रानात ओक कमी, मेस्कीट उदंड, म्हणून तिथे मेस्कीट. टेनेसी, कॅन्सस सिटीकडे हिकरी. कॅलिफोर्नियातल्या सांता मारियाला तिथला किनारी ओक, ज्याला ते 'रेड ओक' म्हणतात. वायव्य किनाऱ्यावर सामन माशाला अल्डर. आपल्याकडे कोकणात नारळाच्या झावळ्या आणि घाटावर बाभूळ जळते, त्यामागे कुणी चवीचा विचार केला होता? तसंच हे.

पेकन हे हिकरीच्याच वंशातलं झाड आणि १९१९ पासून टेक्सासचं राज्यवृक्ष. हिकरीचा धूर ठसठशीत, डुकराच्या मांसाला साजेसा. पेकनचा त्याच घराण्यातला पण मऊ. सफरचंद, चेरी, पीच यांचा धूर सौम्य, कोंबडीला छान. चेरीने रंग गडद येतो म्हणतात. डोळे बांधून चव घ्यायला लावलं तर सफरचंद आणि पेकन मला ओळखता येतील याची खात्री मी देणार नाही. मेस्कीट मात्र ओळखेन. ते कडक जळतं आणि धूर मातकट, उग्र. दहा तास त्याच्यावर मांस ठेवलं तर कडू होण्याचीच शक्यता जास्त. म्हणून जाणते लोक मेस्कीट आधी जाळून निखारे करतात आणि त्यावर मांस थेट भाजतात. कॅरोलिनातही बरेच जण अख्खा डुक्कर भाजताना हिकरी-ओकचं असंच करतात: लोखंडी पिंपात लाकूड जाळायचं, खाली पडलेले निखारे फावड्याने उचलून मांसाखाली पसरायचे. तिथली निम्मी चव निखाऱ्यावर ठिबकणाऱ्या चरबीची असते.

कापल्यावर कडेला जी गुलाबी कड दिसते, तिच्यावरूनही लोक लाकडाची परीक्षा करतात. ते फसवं आहे. जळणातून निघणारे नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड हे वायू मांसातल्या लाल रंगद्रव्याला चिकटतात, म्हणून ती कड. तिला स्वतःची चव नाही.

लाकूड मिळवायचं कुठून, हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण यात चालणं आहे, गप्पा आहेत आणि पैसे वाचतात. विकत घेतलं तर मोठं माप 'कॉर्ड': आठ फूट लांब, चार उंच, चार रुंद, म्हणजे १२८ घनफूट. 'रिक' म्हणून विकतात ते माप विकणाऱ्याच्या मनावर; टेप घेऊन जावं. घरच्या स्मोकरला एवढं लागतही नाही. बाजूला आगीची पेटी असलेल्या स्मोकरमध्ये दहा तासांना पंधरा-वीस चिरफळ्या पुरतात. मी आता झाडं छाटणाऱ्यांशी ओळख ठेवतो, वादळानंतर गल्लीतून फेरी मारतो (पेकनच्या फांद्या मोडण्यात पटाईत), आणि हिवाळ्यात पीचच्या बागांमध्ये छाटणी झाली की विचारतो. राज्य उद्यानांतून मात्र पडलेली काटकीही उचलायची नसते.

उचलण्याआधी झाड ओळखता यायला हवं आणि त्याच्यावर काय चढलंय तेही बघायला हवं. इथल्या ओकच्या खोडांवर पॉयझन आयव्ही नावाचा वेल चढतो. तीन-तीन पानांचा, आणि जुना झाला की खोडाला केसाळ सुंभासारखा चिकटलेला. त्याच्या तेलाने अंगावर फोड येतात आणि वेल वाळून मेला तरी तेल टिकून राहतं. असं लाकूड पेटवलं तर ते धुराबरोबर फुप्फुसात जातं, आणि ते जिवावर बेतू शकतं. मराठी माणसाला समजावायला एकच वाक्य पुरे: हा वेल बिब्ब्याच्या कुळातला. बिब्बा उतल्यावर काय होतं ते ज्याने पाहिलंय, तो या सुंभाला हात लावणार नाही.

दुसरी गोष्ट, लाकूड लांबून आणू नये. सालीखाली किडे आणि बुरशी प्रवास करतात. राख झाडं पोखरणारा पन्नाभुंगा २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला आणि पुढे तो देशभर पसरण्यात सरपणाच्या गाड्यांचा मोठा वाटा होता. (राख म्हणजे ॲश नावाचं झाड, इथल्या मराठी मंडळींचा हा जुना विनोद.) टेक्सासमध्ये ओक विल्ट ही बुरशी ओकच्या राया वाळवते, म्हणून फेब्रुवारी ते जून ओक छाटू नये असं वनखातं सांगतं. रेड ओक गटातल्या आजारी झाडाचं ताजं सरपण घरी आणणं म्हणजे शेजाऱ्याच्या झाडांवर संकट आणणं.

रंगवलेलं, पॉलिश केलेलं, प्लायवूड, जुन्या कुंपणाचं हिरवट झाक असलेलं लाकूड कधीही नाही. अमेरिकेत २००३ च्या अखेरीपर्यंत घरगुती वापराच्या लाकडाला आर्सेनिकयुक्त रसायन पाजत असत, आणि ती कुंपणं अजून उभी आहेत. बुरशीने काळं पडलेलं, भुसभुशीत झालेलंही नको. त्याचा धूर कुबट येतो.

आणलेलं लाकूड वाळवायचं कसं? लाकूड म्हणजे नळ्यांची मोळी. पाणी मुख्यतः टोकांतून बाहेर पडतं, सालीतून जवळजवळ नाही. म्हणून आधी आखूड कापायचं, हातभर किंवा त्याहून कमी, मग लगेच पाचर-घणाने फोडायचं. अख्खा ओंडका दोन वर्षं पडला तरी आत ओला राहू शकतो. रास जमिनीवर नाही, दोन आडव्या ओंडक्यांवर रचायची, वारा जाईल अशी. वरून झाकायची, बाजू उघड्या. सगळीकडून ताडपत्री गुंडाळणं म्हणजे लाकडाला वाफारा देणं. टेक्सासच्या उन्हात फोडलेला ओक सहा महिने ते वर्षभरात तयार होतो. रास हलवताना हातमोजे घालावेत. विंचू आणि काळ्या कोळ्यांना ही जागा फार प्रिय.

वाळलं की नाही हे ओळखायच्या खुणा: टोकाला मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या भेगा, सुटू लागलेली साल, उडालेला रंग, हातात घेतल्यावर अपेक्षेपेक्षा हलकं वजन, आणि आजोबांचा तो 'टण्ण'. सगळ्यात भरवशाचं मला हे वाटतं: एक लाकूड मधोमध फोडायचं आणि आतली ताजी बाजू गालाला लावायची. ओलं असेल तर गार लागतं, माठाच्या पाठीसारखं. ओल मोजायचं यंत्र असेल तर तेही याच ताज्या बाजूवर टोचायचं, टोकावर नाही. यंत्र नसेल तर एका चिरफळीवर खडूने खूण करून ती दर पंधरवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायची. वजन घटायचं थांबलं की तिच्यातलं जायचं तेवढं पाणी गेलं.

एक युक्ती फिरत असते: लाकडाच्या एका टोकाला साबणाचा फेस लावायचा आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावून फुंकायचं. बुडबुडे आले तर वाळलं. मी पोस्ट ओकवर हे करून बघितलं, गाल दुखेपर्यंत फुंकलं, एक बुडबुडा नाही. नंतर कळलं की पोस्ट ओक व्हाइट ओकच्या गटातला. या गटात खोडाच्या गाभ्यातल्या नळ्या झाड स्वतःच आतून बुजवून टाकतं. म्हणून तर व्हिस्कीची पिंपं व्हाइट ओकची, गळत नाहीत. रेड ओकच्या नळ्या मोकळ्या, तिथे बुडबुडे येतात. ज्याने युक्ती सांगितली त्याच्याकडे रेड ओक असणार.

आग लावतानाचं थोडक्यात. एक मोठी मंद आग नको, लहान पण जिवंत ज्वाळेची आग हवी. झडप उघडी ठेवायची आणि तापमान लाकडाच्या आकाराने राखायचं. पुढची चिरफळी आगीच्या पेटीवर तापत ठेवली की आत टाकल्याबरोबर पेट घेते, पांढरा धूर ओकत नाही. मांस सुरुवातीला थंड आणि ओलसर असतं तेव्हा धूर त्याच्यावर चांगला बसतो, म्हणून लाकडाचा सगळा शहाणपणा पहिल्या तीन-चार तासांत दाखवायचा.

भारतातले मित्र विचारतात, आमच्याकडे काय लावू? मांसाला धूर देणं आपल्याकडे अगदीच नवं नाही. गोव्यात चोरिसांच्या माळा चुलीवरच्या धुरात टांगायची पद्धत जुनी आहे. वाळलेली पेरूची फांदी मिळाली तर सोडू नका. हवाईत लोक पेरूच्या लाकडावर मांस धुरवतात. बाभूळ घट्ट, निखारा उत्तम. महाराष्ट्रात चिंच, आंबा, जांभूळ यांना १९६४ च्या वृक्षतोड कायद्याचं संरक्षण आहे आणि शहरांत १९७५ चा वेगळा कायदा, तेव्हा पडलेलं किंवा रीतसर छाटलेलंच घ्यायचं. कण्हेर, शेर आणि बिब्बा यांच्या जवळही जायचं नाही. निलगिरी तेलकट, तीही नको.

आणि वेडी बाभूळ, काही जण जिला विलायती म्हणतात ती. माळावर, तळ्याच्या काठी, रेल्वेच्या कडेला माजलेली, सायकली पंक्चर करणारी. ती मूळची अमेरिका खंडातली आणि टेक्सासच्या मेस्कीटची चुलत बहीण. हवाईत 'कियावे' म्हणून जिच्यावर कोंबड्या भाजतात, तीही याच वंशातली.

गेल्या डिसेंबरात बार्शीला मामांकडे गेलो तेव्हा गोठ्यामागे तिची वर्षभर वाळलेली रास होती. अर्ध्या कापलेल्या पिंपात मी आग केली. मामा म्हणाले, "अरे, याच्यावर आम्ही आंघोळीचं पाणी तापवतो, आणि तू मटण ठेवणार?" मग स्वतःच दोन लाकडं उचलून एकमेकांवर आपटली, कान देऊन ऐकलं आणि पुढे सरकवली. आधी निखारे केले, मग वर बोकडाची रान चढवली, चार तास. धूर जरा जास्तच झाला. वरचा थर उग्र लागला, हाडाजवळचं मांस मात्र सुरेख. मामींनी दोन घास खाल्ले, काही बोलल्या नाहीत आणि उरलेली रान काळ्या मसाल्याच्या रश्श्यात सोडली. खरं सांगायचं तर तो रस्सा नुसत्या रानेपेक्षा कितीतरी चांगला झाला.